मोशेचे बहाणे आणि माझी मलमपट्टीची पिशवी

आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा साक्षीचा रविवार असतो. उपदेशाच्या आधी कोणीतरी पुढे येतं, माइक हातात घेतं आणि सांगतं, "प्रभू माझ्याशी बोलला." कुठे बोलला, किती वाजता बोलला, काय म्हणाला, सगळं तपशीलवार. मी उजवीकडच्या बाकावर बसून ऐकते, मोठ्याने आमेन म्हणते आणि मनातल्या मनात थोडी जळते. कारण माझ्याशी देव असा कधी बोललेला नाही. आजोबांच्या आधीपासून आमचं घराणं ख्रिस्ती. रविवारशाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली. पण आवाज म्हणाल तर नाही. स्वप्नं पडतात ती ड्यूटीची. निवृत्त होऊनही झोपेत कोणीतरी हाक मारतं, "सिस्टर, सलाईन संपलं!"

तरीही मला पाचारण झालं असं मी आता म्हणते, जरा दबकतच म्हणते. ज्यांना आवाज वगैरे ऐकू येत नाही आणि त्यामुळे आपल्याला देवाने कशालाच बोलावलेलं नाही असं वाटतं, अशी माणसं प्रत्येक चर्चमध्ये बाकाबाकावर बसलेली असतात. हे त्यांच्यासाठी.

मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते. घर श्रीरामपूर तालुक्यात. आमचा भाग उसाचा. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की बीडकडून, आष्टी-पाटोद्याहून, आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मोकळ्या रानात तळ ठोकून, कोप्या म्हणजे छोट्या झोपड्या टाकून राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. राबणारी माणसं दोन, हिशेबात कोयता एक. हंगामाच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दिवस बुडवून चालत नाही. बुडवला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो.

त्यामुळे ही माणसं दवाखान्यात यायची ती नेहमी उशिरा. ऊस डाव्या हाताने धरायचा आणि उजव्या हाताने बुडाशी कोयता घालायचा, म्हणून जखम बहुतेक वेळा डाव्या हाताला, नाहीतर डाव्या नडगीला. ताजी जखम घेऊन आलेला ऊसतोड कामगार मी क्वचित पाहिला. तीन-चार दिवस झालेले, हात सुजलेला, जखमेत हळद, राख, कधी तंबाखू दाबलेली, वर लुगड्याची चिंधी, आणि ती चिंधी आत चिकटलेली. टाके घालायची वेळ कधीच निघून गेलेली. मी नोकरीभर त्यांच्यावर करवादत आले. "आधी यायला काय झालं होतं?" काय झालं होतं ते मला माहीत होतं, पण रात्रपाळीला माणूस करवादतो.

निवृत्त झाल्यावर संध्याकाळी अंगणात बसायची सवय लागली. समोरच्या रस्त्याने उसाने लादलेल्या ट्रॉल्या जायच्या. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी अशी लावलेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. आणि प्रत्येक ट्रॉलीमागे तोच विचार यायचा: तळ इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तुला पट्टी बांधता येते. माझ्या सासूबाई एखादं काम न रागावता, न थकता रोज त्याच सुरात सांगत राहायच्या, शेवटी ते करून टाकलेलं परवडायचं. हा विचार अगदी तसा होता.

त्याच सुमारास डोक्यात आणखी एक विचार होता, तोही सांगते. आमच्या मोकळ्या प्लॉटवर छोटा प्रार्थना हॉल बांधावा, दाराशी आईवडिलांच्या नावाची फरशी बसवावी. हा विचार आला की मला फार छान वाटायचं. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं इथपर्यंत मी पोहोचले होते. तळाचा विचार आला की मात्र पोटात गोळा यायचा. कोणता देवाचा आणि कोणता माझा, याचा निकाल मी त्या गोळ्यावरून लावला. ही काही ईश्वरविज्ञानाची पद्धत नाही आणि पाळकसाहेबांना ती पटलेलीही नाही. पण ज्या पाचारणात माझाच फोटो छान येतो त्याच्याकडे मी जरा संशयाने बघते.

कळलं म्हणून लगेच निघाले असं काही नाही. त्या दिवसांत मी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा तिसरा आणि चौथा अध्याय पुन्हा पुन्हा वाचत होते. इस्राएली लोकांना मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सोडवायला देव मोशेला तिथल्या राजाकडे, फारोकडे, जायला सांगतो ती गोष्ट. रविवारशाळेत आम्हाला जळतं झुडूप शिकवतात, पायांतली पायतणं काढायला शिकवतात, काठीचा साप होतो ते तर मुलांना फारच आवडतं. पण त्या दोन अध्यायांत खरा मजकूर आहे तो मोशेच्या बहाण्यांचा. एकामागून एक पाच.

पहिला: मी कोण फारोकडे जाणारा? यावर देव त्याला असं म्हणत नाही की अरे, तू राजवाड्यात वाढलेला, तुझ्याइतका लायक दुसरा कोण! तो एवढंच म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. 'मी कोण' या प्रश्नाला हे उत्तरच नाही. आणि खूण काय देतो, तर लोकांना मिसरातून बाहेर काढलंस की याच डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल. म्हणजे खूण कधी, तर काम झाल्यावर! सरकारी खात्यातसुद्धा आदेश आधी हातात पडतो आणि मग रुजू व्हायचं असतं.

दुसरा बहाणा: लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? तिसरा: ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. चौथा: मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. या चारही वेळा देव शांतपणे उत्तर देतो. ते वाचताना मला फार बरं वाटलं. भीती बोलून दाखवली म्हणून तो कोणाला हाकलत नाही. मग पाचव्यांदा मोशे खरं काय ते बोलतो: प्रभू, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. आता मात्र देव रागावतो. आणि रागाच्या त्याच श्वासात काय सांगतो? तुझा भाऊ अहरोन आहे ना? तो चांगलं बोलतो. आणि बघ, तो तुला भेटायला येतोच आहे.

येतोच आहे! मोशे इकडे नाही-नाही म्हणत होता तेव्हा अहरोन तिकडून वाटेला लागलेला. हे वाक्य मी लहानपणापासून किती वेळा ऐकलं असेल, पण ते माझ्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. पुढे सातव्या अध्यायात दोघांची वयं दिली आहेत. फारोसमोर उभे राहिले तेव्हा मोशे ८० वर्षांचा आणि अहरोन ८३. माझ्या 'आता रिटायर झाले, आता कुठे' या बहाण्याची तिथेच वाट लागली.

माझे बाकीचे बहाणे असे. अंधारात तळावर जायचं, दारू प्यायलेली माणसं असतात, कुत्री असतात. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, माणसांची पारख असलेले, त्यांनी सरळ सांगितलं, "सातनंतर तिकडे एकटीने जायचं नाही." हा बहाणा त्यांचा असला तरी मी तो आनंदाने उसना घेतला. दुसरा असा की आता माझ्यामागे दवाखाना नाही, डॉक्टर नाही. कोणाचं काही बिघडलं तर?

पण मनाच्या तळाशी असलेली खरी भीती निराळी होती आणि ती मी घरातही बोलले नव्हते. लोक म्हणतील, ही बाटवायला आली.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या नगर भागात आडनावावरून ख्रिस्ती माणूस ओळखू येत नाही. आमची आडनावं गावातल्या इतरांसारखीच. नाव सांगितलं की कळतं. माझं नाव बायबलमधलं आहे. नोकरीत सगळे सिस्टर म्हणायचे म्हणून ते झाकलेलं राहिलं. गणवेश अंगावर होता तोवर कोणी विचारलं नाही की ही आपली पट्टी का बांधतेय. पगार मिळतो म्हणून बांधतेय, उघड आहे. पगाराशिवाय बांधायला गेलं की मात्र विचारतात, आणि सध्याच्या दिवसांत जरा जोरातच विचारतात. शेजारच्या एका गावात आमच्यातल्याच काही जणांच्या घरगुती प्रार्थनेवरून वाद झाला होता. मला म्हातारपणी पोलीस ठाण्याची पायरी चढायची नव्हती.

माई आल्या त्या या सगळ्याच्या मधोमध, जुने स्वेटर मागायला.

माई म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त अंगणवाडी सेविका. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी वारी, घरात हरिपाठ. म्हणाल्या, "सिस्टर, नातवंडांचे जुने स्वेटर असतील तर द्या. तळावरची पोरं उघडी फिरत्यात थंडीत." मी विचारलं, तुम्ही जाता तिथे? म्हणाल्या, मागच्या हंगामापासून जाते. आणि पुढे जे बोलल्या ते असं: "पण पोरांच्या पायाला, बायांच्या हाताला एकेक जखमा आहेत बाई, मला त्यातलं काय कळत नाही. मी कवाची बघतीय कोणी दवाखान्यातलं मिळतंय का."

मी आत जाऊन स्वेटर शोधत बराच वेळ कपाटापाशी उभी राहिले. स्वेटर वरच होते.

लपूनछपून काही करायचं नाही हे मी आणि माईंनी आधीच ठरवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं: मी फक्त जखमा धुणार, पट्टी बांधणार आणि ज्याला गरज आहे त्याला तुमच्याकडे पाठवणार. गोळ्या-इंजेक्शन काही देणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा केंद्रातच. त्यांनी आशाताईंचा नंबर दिला. सरपंचांच्या कानावर घातलं. मग मुकादम. त्याला आमचं काही झेपेना. "फुकट? कोणत्या संस्थेच्या तुम्ही?" कोणत्याच नाही. "इलेक्शनला उभं राहायचंय का कोणाला?" माई म्हणाल्या, "मला का? पांडुरंगानं सांगितलं तर राहीन." तो हसला, आणि हसला म्हणून आम्ही आत गेलो.

पहिल्या संध्याकाळचं एकच सांगते. कोप्यांच्या रांगेच्या टोकाला एक बाई चुलीपुढे बसली होती, पंचविशीची असेल. डाव्या तळहाताला अंगठ्याखाली चिंधी. भाकरीचं पीठ एका हाताने मळत होती. मी म्हटलं, दाखव. "भाकरी होऊ द्या." भाकरी झाल्या. मग हात पुढे केला तो तोंड फिरवून. चिंधी वाळून खडंग झालेली, ओढली असती तर सालपट निघालं असतं. मिठाचं निर्जंतुक पाणी थेंबथेंब सोडत बसले. माईंनी मोबाईलचा टॉर्च धरला होता, आणि त्यांचा हात हलत होता कारण त्या तिच्या पोराला दुसऱ्या हाताने थोपटत होत्या. "माई, उजेड इकडे." "हां." पुन्हा उजेड पोराकडे. चिंधी सुटायला बराच वेळ लागला. आत हळद आणि राख यांचा काळा-पिवळा थर. तो धुऊन काढला तेव्हा खालचं मांस लाल दिसलं, आणि मला हायसं वाटलं. लाल असलं की जिवंत आहे. टाके घालण्याची वेळ गेलीच होती, जखम उघडीच ठेवून भरू द्यायची. बोटं एकेक करून हलवायला लावली. सगळी हलली. ती सगळा वेळ गप्प होती. पट्टी बांधून झाल्यावर एवढंच विचारलं, "सकाळी कोयता धरता येईल ना?"

खरं म्हणजे धरू नको असंच सांगायचं असतं. मी म्हटलं, डाव्या हाताला जाड फडकं गुंडाळ, ओलं होऊ देऊ नको, आणि उद्या संध्याकाळी पुन्हा दाखव. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंनी तिला कामावर जायच्या वाटेत केंद्रावर थांबवून इंजेक्शन देववलं. तो खाडा झाला नाही, एवढीच आमची कर्तबगारी.

येताना माझे पाय लटपटत होते. निघण्याआधी मी प्रार्थनेत धैर्य मागितलं होतं, शब्दशः. ते मिळालं नाही. परत येतानाही भीती होती तेवढीच होती. मिळाल्या होत्या त्या माई, आणि त्यांचा तो हलणारा टॉर्च.

आता उपदेशांबद्दल एक तक्रार. आमच्याकडे धैर्यावर बोलायचं म्हटलं की बायबलमध्ये 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, हे ठरलेलं वाक्य येतं. मी मोजलेलं नाही, पण हे गणित मला जरा जास्तच सोयीचं वाटतं. आणि ऐकणाऱ्याच्या मनात यातून काय उतरतं, तर भीती वाटते म्हणजे विश्वास कमी. मग माणूस भीती जाण्याची वाट बघत बसतो. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला गिदोन बघा. देवाने त्याला बापाच्या गावातली बआल या परक्या दैवताची वेदी पाडायला सांगितलं. त्याने ती पाडली, पण रात्री, दहा चाकर सोबत घेऊन. का रात्री, ते पवित्र शास्त्राने लपवलेलं नाही: घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटत होती म्हणून. यावर देव त्याला एका शब्दाने बोललेला नाही. वेदी पाडली ना? झालं. भीत भीत, अंधारात, दहा माणसांच्या आडोशाने केलेलं कामसुद्धा काम म्हणून धरलं गेलं. यावर मी अजून एकही उपदेश ऐकलेला नाही.

ज्याची भीती होती ते घडलंच. तळावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही त्या प्रार्थनावाल्या का?" मी म्हटलं, हो. रविवारी प्रार्थनावाली, आज मलमपट्टीवाली. त्याला ते पुरलं. गावातल्या एका बागायतदाराला पुरलं नाही. त्यांनी ग्रामपंचायतीत विषय काढला की बाहेरची बाई तळावर येऊन काय करते याची चौकशी व्हावी. बाहेरची म्हणजे मी! माझे सासरे त्याच गावात गेले आणि त्याच गावात पुरले. चौकशीत माई उभ्या राहिल्या आणि माळ पुढे करून म्हणाल्या, "मी असते संगं. मला बाटवलं का तिनं? विचारा." विषय तिथे थांबला. राग मात्र राहिला.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि विचार करताना दर वेळी पंडिता रमाबाईंपाशी जाऊन थांबते. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण नाही असा शब्द होता. पण बाई स्वतः ख्रिस्ती, त्यांची प्रार्थना उघड्या दाराने चाले आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. आमच्या मंडळीत ही गोष्ट सांगताना रमाबाईंचा छळ एवढंच सांगतात. मला रानडे-भांडारकरांचंही म्हणणं कळतं. शब्दाला जामीन ते राहिले होते. आणि रमाबाईंचंही कळतं: आपल्याच घरात आपलीच प्रार्थना दार लावून करायची? दोन्ही बाजूंची माणसं खरी होती म्हणूनच ते इतकं दुखलं असणार.

पण मला धीर येतो तो पुढच्या गोष्टीने. एवढी बदनामी झाल्यावर कोणीही गप्प बसलं असतं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं, त्यांचे आईवडील त्यातच उपासमारीने गेले होते. केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. नर्सिंगला असताना आम्ही केडगावला गेलो होतो. तेव्हा मी तिथल्या इमारती बघत होते. आता वाटतं, दुष्काळी छावणीत शिरताना त्या बाईच्या पोटात काय होत असेल? आपलीच उपासमार पुन्हा बघायची होती त्यांना.

मी तळावर मोठ्याने प्रार्थना करत नाही. हे माझं मी ठरवलं, कोणाच्या भीतीने नाही. ज्याचा दुखरा हात माझ्या हातात आहे तो माणूस उठून जाऊ शकत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याला मी काही ऐकवणार नाही. घरी येऊन नावं घेऊन प्रार्थना करते, माई त्यांच्या देवापुढे त्याच नावांचा हरिपाठ करतात, आणि एखाद्याचं नाव मी विसरले तर माईंना विचारून घेते.

यावर चर्चमधून जो प्रश्न आला तो गावाच्या प्रश्नाइतकाच बोचला. आमच्या पंचांपैकी एक जण म्हणाले, "मग ही समाजसेवा झाली, साक्ष कुठे आहे?" मी त्यांना चांगल्या शोमरोन्याची, वाटेत लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्याची, येशूने सांगितलेली गोष्ट वाचून बघायला सांगितली. तेल, द्राक्षारस, पट्टी, आपलं जनावर, उतारशाळेचं भाडं, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्या जखमी माणसाशी तो काय बोलला याचा एक शब्द येशूने सांगितलेला नाही. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वाद घालता." घालते. तरुण मंडळींनी वेगळंच काढलं: आम्ही येतो, रील बनवू, सेवेला लोक जोडले जातील. मी म्हटलं, या, मोबाईल घरी ठेवून. मग कोणी आलं नाही. एक मुलगी आली, तिचं पुढे सांगते.

आधी आमच्या नगरच्या माणसांचं लाडकं नाव. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आम्ही दर रविवारी गातो, त्यामुळे ते जन्मतःच संत होते असं वाटायला लागतं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईत. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग आल्या नाहीत, त्यांना पाच वर्षं लागली, आणि त्या वर्षांत दोघांनी काय सोसलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला अलीकडे आठवत राहतं ते १९१७. टिळक पंचावन्न वर्षांचे, तब्येत ढासळलेली, मिशनचा पगार चालू. आणि या गृहस्थांनी तो सोडला, का तर 'देवाचा दरबार' उभा करायचा, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र आणायचे म्हणून. साताऱ्याला तो सुरू झाला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. दरबार फार टिकला नाही. हिशेबी माणूस म्हणेल, काय मिळवलं? पूर्वी मीही असंच म्हणाले असते. आता ज्या लक्ष्मीबाईंनी तो पगार सोडल्यावर घर चालवलं त्यांचा विचार आधी येतो. पाचारण एकाला होतं आणि पीठ दुसऱ्याला कमी पडतं. आमचे हे रोज गाडी काढून तळाच्या तोंडाशी थांबतात, डास मारत. त्यांना कोणी साक्ष द्यायला पुढे बोलावलेलं नाही.

तर ती मुलगी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या मनात परीक्षा झाली की आदिवासी भागातल्या एका छोट्या दवाखान्यात जायचं आहे, घरच्यांचं म्हणणं पुण्याला चांगल्या पगाराची नोकरी घे. मला म्हणाली, "मावशी, मला खात्री होत नाही. धैर्यच होत नाही." मी तिला खात्रीचं काही सांगू शकले नाही. विचारलं, तिकडे तुझ्या ओळखीचं कोण आहे? म्हणाली, कोणी नाही. म्हटलं, मग आधी सुट्टीत आठ दिवस जाऊन ये, आणि तुझ्यासारखं कोण कोण तिकडे वाट बघतंय ते शोध. वडिलांशी भांडू नको, त्यांनाही सोबत ने. ती जरा नाराज झाली. तिला बहुतेक वचन हवं होतं. मी तिला निर्गम ४:१४ दिलं, तर म्हणाली, "यात तर देव रागावलाय." पूर्ण वाच म्हटलं.

काम फार मोठं झालेलं नाही हेही नोंदवते. उचल आहे तशी आहे, खाडा आहे तसा आहे. गरोदर बाया अजूनही मोळ्या वाहतात. आणि त्यांची तपासणीची कार्डं गावाकडे पेटीत राहिलेली असतात, त्यामुळे इथे नव्याने सगळं सुरू करावं लागतं. त्यातल्या काही जणींना आशाताईंच्या मदतीने केंद्रापर्यंत नेता आलं. एकीला नेता आलं नाही. टोळी रातोरात दुसऱ्या गटात हलली आणि आम्ही गेलो तेव्हा नुसत्या चुली होत्या.

यंदा तळाची जागा बदलली आहे. कारखान्याने टोळ्यांना जी नवी जागा दिली आहे तिला वाट एकाच रानातून आहे, आणि ते रान त्या बागायतदारांचं, ज्यांनी ग्रामपंचायतीत विषय काढला होता. त्यांच्या परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकता येणार नाही. हे कळल्यापासून माझ्या पोटात पुन्हा तोच जुना गोळा. माईंना म्हटलं, चिठ्ठी पाठवू या का? माई म्हणाल्या, "चिठ्ठी कशाला, माणसं आहोत, तोंडानं बोलू. दिवाळी आहे, रिकाम्या हातानं नको."

उद्या सकाळी जायचं ठरलंय. फराळ माईंनी न्यायचा आणि बोलायचं मी. मी म्हटलं, उलटं करू या, बोला तुम्ही, फराळ मी करते. माई म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या चकल्या मी खाल्ल्यात. तुम्ही बोलाच."